शिल्लक पाईप आणि पन्हळी उघड्यावर ठेवायच्या, पण जमिनीवर नाही

ऐरोलीतल्या एका चार मजली सोसायटीचा प्रश्न आहे. ड्रेनेजचं काम झाल्यावर ११० आणि ७५ मिलिमीटरचे दहा-बारा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे पीव्हीसी) पाईप, सीपीव्हीसीचे (गरम पाण्यालाही चालणाऱ्या पीव्हीसीचे) काही पाईप, एक इंची जीआयचे (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे) चार पूर्ण लांबीचे पाईप आणि गच्चीवरच्या शेडच्या पन्हळीचे पाच-सहा तुकडे उरले. ते सगळं कंपाऊंडच्या भिंतीकडेला निळ्या ताडपत्रीखाली पडून होतं. पावसाळ्यानंतर ताडपत्री काढली तेव्हा पीव्हीसीला बाक आलेला, जीआयवर पांढरी भुकटी, आणि पाईपांत साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या. आता हा माल जमिनीपासून उचलून ठेवायचा आहे. भिंतीत ब्रॅकेट मारावेत, गच्चीवर न्यावा की स्टँड करून घ्यावा, असं कमिटी विचारते आहे.

स्टँड करून घ्या. तो जमिनीवर उभा असावा, भिंतीला टेकलेला नसावा, आणि त्याला एका बाजूला उतार असावा. मात्र नुसतं उचलल्याने तुमचं नुकसान थांबणार नाही. तुम्ही सांगितलेल्या तीन बिघाडांपैकी एकही फक्त ओल्या जमिनीमुळे झालेला नाही. बाक आला तो आधार नसल्याने आणि उष्णतेने. पांढरी भुकटी धरली ती दोन पाईपांच्या मध्ये अडकलेल्या पाण्याने. अळ्या झाल्या त्या पाईप अगदी सपाट पडल्याने आणि तोंडं उघडी राहिल्याने. हाच माल असाच सपाट आणि असाच झाकून तीन फुटांवर ठेवला, तर पुढच्या ऑक्टोबरात तीच गत होईल.

बाकाचं कारण आधी नीट समजून घ्या, कारण स्टँडची सगळी मापं त्यावरून निघतात. पीव्हीसी तापलं की वाढतं: दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर. पाईपची वरची बाजू उन्हात आणि खालची सावलीत असेल, दोन्हींत २० अंशांचा फरक पडला, तर ११० मिलिमीटरचा ६ मीटर लांब मोकळा पाईप मध्यभागी दोन इंचांहून जास्त वाकतो. संध्याकाळी तो बराचसा सरळ होतो, पण पूर्ण होत नाही. रोज थोडा थोडा बाक मुरत जातो. त्यात पाईप दोनच विटांवर टेकलेला असेल, तर स्वतःच्या वजनानेही तो खाली झोळ घेतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात घट्ट बांधलेल्या ताडपत्रीखालची हवा बाहेरच्यापेक्षा बरीच जास्त तापते आणि पीव्हीसी आणखी मऊ पडतं. त्यामुळे आधार जवळजवळ हवेत आणि वरचं झाकण मालाला न चिकटता, हवा खेळेल असं हवं.

आता स्टँड. तुमच्याकडचा माल पाहता ३ मीटरच्या लांबीचाच करा. चार मजली इमारतीत ६ मीटरचा पाईप जिन्यातून वळत नाही, तो शेवटी कापावाच लागतो. मग तो आत्ताच कापून ठेवलेला बरा. एकसारख्या चार चौकटी बनवून घ्या. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल, उभे पाय दीड मीटरचे, रुंदी ६०० मिलिमीटर. आडवे हात तीन: जमिनीपासून ४५०, ७५० आणि १०५० मिलिमीटरवर. चौथा हात अगदी वर, छप्पर धरण्यासाठी. या चार चौकटी ९०० मिलिमीटरच्या अंतराने उभ्या केल्या की एकूण लांबी २.७ मीटर होते आणि ३ मीटरचा पाईप दोन्ही टोकांना फक्त अर्धा फूट बाहेर राहतो. चौकटी एकमेकींना जोडायला खाली दोन आणि वर दोन लांब अँगल, आणि मागच्या बाजूने २५ बाय ५ च्या पट्टीची फुली. ही फुली फॅब्रिकेटर हमखास गाळतो, कारण ती नसली तरी स्टँड उभा राहतो. पण माल चढवला आणि कोणी लांबीच्या दिशेने धक्का दिला की सगळा भार वेल्डिंगच्या सांध्यांवर येतो, आणि खाऱ्या हवेत गंजतात तेही आधी सांधेच. पायाखाली १५० बाय १५० बाय ६ च्या प्लेटी. सगळं मिळून लोखंड सव्वाशे किलोच्या आत बसतं. दर विचारताना हा आकडा धरून विचारा.

४५० मिलिमीटर म्हणजे दीड फूट. तेवढ्या जागेतून झाडू फिरतो, खाली वाकून पाहिलं तर पलीकडची भिंत दिसते आणि उंदरांना आडोसा राहत नाही. पाईपांच्या जमिनीवरच्या ढिगात उंदीर राहतात आणि त्यांच्या मागे साप येतात. ठाण्यात येऊरच्या डोंगरपायथ्याशी आणि घोडबंदर रस्त्याकडच्या सोसायट्यांत तर हे फार. पाईपात साप दिसला तर काठी घालू नका. तोंडापासून लांब उभे राहा आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा. सोसायटी सखल भागात असेल, भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की आवारात पाणी चढत असेल, तर दीड फूट पुरेसं धरू नका. भिंतीवरच्या जुन्या पाण्याच्या खुणेपेक्षा अर्धा फूट वर खालचा हात ठेवा. दोन्ही तोंडं बंद केलेला ११० मिलिमीटरचा पाईप पाण्यात बुडाला तर दर मीटरला साडेनऊ किलोने वर ढकलला जातो आणि त्याचं स्वतःचं वजन मीटरला जेमतेम दीड किलो. म्हणजे तो तरंगणारच, आणि शेजारचा मालही उचलून नेणार. बांधणं वाऱ्यासाठी लागतं तसं पुरासाठीही लागतं.

उतार कुठून आणायचा, यावर बरेच जण अडतात. चौकटीचे हात वेगवेगळ्या उंचीवर लावायला सांगितले की वर्कशॉपमध्ये गोंधळ होतो. त्यापेक्षा चारही चौकटी अगदी सारख्या करून घ्या आणि उतार काँक्रीटच्या पायांत द्या. प्रत्येक पाय १ फूट बाय १ फूट, खोली १ फूट, एकूण आठ. एका टोकाकडून दुसऱ्याकडे येताना प्रत्येक चौकटीखालच्या पायाचा माथा आधीच्यापेक्षा १८ मिलिमीटर खाली. २.७ मीटरमध्ये ५४ मिलिमीटर उतार झाला, म्हणजे पन्नासाला एक. एवढ्याने स्टँड तिरका वाटत नाही, पण पाईपात शिरलेलं पाणी थांबत नाही. गवंड्याला पाण्याच्या लेव्हल ट्यूबने माथे जुळवून द्यायला सांगा, अंदाजाने नाही. उताराचं खालचं टोक गटाराकडे किंवा बागेकडे ठेवा, पार्किंगकडे नको.

काँक्रीटच्या पायांचं वजन नुसतं भार पेलण्यासाठी नाही. वर पत्र्याचं छप्पर घातलं की ते साधारण ४ चौरस मीटरचं होतं. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याला वर उचलणारा जोर दीडशे-दोनशे किलोपर्यंत जाऊ शकतो. ३ जून २०२० चं निसर्ग आणि १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेलेलं तौक्ते, ही दोन्ही वादळं मोसमी पावसाच्या आधीची. म्हणून स्टँडच्या पायाची प्लेट एम-१० च्या (१० मिलिमीटर जाडीच्या) बोल्टांनी काँक्रीटमध्ये पक्की करा. आठ पायांचं मिळून वजन पाचशे किलोच्या वर जातं, ते पुरतं.

भिंतीत ब्रॅकेट मारण्याचा विचार सोडायला सांगतो, त्याची कारणं अशी. कंपाऊंडची भिंत बहुधा साडेचार किंवा नऊ इंची विटांची असते. तिला आडवा ओढणारा भार घ्यायची सवय नसते आणि साडेचार इंची भिंतीला तर तो मुळीच लावू नये. इमारतीच्या भिंतीत विटांवर किंवा सायपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकवर अँकर फास्टनर धरल्यासारखा वाटतो, पण सहा महिन्यांनी ढिला होतो. तो काँक्रीटच्या कॉलममध्ये किंवा बीममध्येच बसवायचा असतो. आणि दोन कॉलमांमधलं अंतर बहुधा १० फुटांच्या आसपास असतं. म्हणजे ब्रॅकेट कॉलमवरच मारले, तर ३ मीटरच्या पाईपला दोनच टोकांना आधार मिळतो आणि पाईप मध्ये झोळ घेतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खिडकीजवळचे ब्रॅकेट चोरासाठी शिडी होतात. जागा इतकीच असेल की भिंतीशिवाय पर्याय नाही, तर कॉलमवर ब्रॅकेट मारून त्यांवर दोन लांब अँगल टाका आणि त्या अँगलांवर दर ९०० मिलिमीटरला आडवे तुकडे वेल्ड करा. ब्रॅकेटला पुढच्या बाजूने किंचित वर उचल द्या आणि टोकाला दोन इंचांचा थांबा लावा, नाहीतर गोल पाईप केव्हाही डोक्यावर येईल. गॅसच्या पिवळ्या पाईपला, ड्रेनेजच्या उभ्या पाईपला किंवा पावसाच्या पाण्याच्या पाईपला काहीही टांगू नका. त्यांचे क्लॅम्प त्यांच्या स्वतःच्या वजनापुरतेच असतात.

गच्ची हा मला सर्वांत वाईट पर्याय वाटतो. दिवसभर ऊन, सगळ्यात जास्त वारा, आणि माल वर नेण्याची कसरत. गच्चीच्या स्लॅबला भोक पाडलं की ब्रिकबॅट कोब्याचं (विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून केलेलं) वॉटरप्रूफिंग फुटतं आणि वरच्या मजल्यावरच्या घरात गळती सुरू होते, म्हणून तिथे स्टँड बोल्ट करता येत नाही, आणि बोल्ट न केलेला स्टँड वाऱ्यात विश्वासाचा नसतो. तरीही गच्चीवरच ठेवायचं ठरलं, तर पत्र्याचं छप्पर नको, शेडनेट वापरा. पायाखाली काँक्रीटचे ठोकळे आणि त्यांच्याखाली जाड रबर ठेवा. पाणी जाण्याच्या जाळ्यांपासून आणि वीजरोधकाच्या पट्टीपासून लांब राहा. सौर पॅनलखालची सावली मोहात पाडते, पण तिथे वायरिंग आहे, तिथे माल सरकवू नका. लोखंडी पाईप गच्चीवर चढवताना उभा धरून फिरवू नका. ठाण्याच्या जुन्या वस्त्यांत, कळवा-दिव्याकडे विजेच्या उघड्या तारा इमारतीच्या अगदी जवळून जातात.

जिना, जिन्याखालची जागा, मीटररूम, रिफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची जागा) आणि अग्निशमन गाडीची वाट या जागा चर्चेतच आणू नका. पीव्हीसी जळताना निघणारा धूर जिन्यात कोंडला तर माणसं गुदमरतात.

स्टँडच्या रंगाबद्दल थोडं. ऐरोली खाडीला लागून आहे. पाम बीच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, सीवूड्स-नेरुळलाही हाच त्रास. इथल्या खाऱ्या हवेत नुसता रेड ऑक्साईड आणि वर ऑइल पेंट फार दिवस पुरत नाही. जमत असेल तर सगळ्या चौकटी वेल्डिंग झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइज (वितळलेल्या जस्तात बुडवून) करून घ्या. नसेल जमत तर वेल्डिंगची खपली हातोडीने झाडून, गंज घासून, झिंकयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर इपॉक्सी किंवा पीयू रंग. अँगलची कापलेली टोकं आणि वेल्डिंगची आतली बाजू ब्रशने भरून रंगवायला सांगा, स्प्रे तिथे पोचत नाही. रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांच्या जवळ असाल तर रासायनिक वाफांचीही भर पडते, तिथे गॅल्व्हनाइजवरही रंग द्या.

अँगलची धार पाईपात रुतते. त्यावर काहीतरी मऊ हवं, आणि इथे बहुतेकांचा हात गोणपाटाकडे किंवा जुन्या बागेच्या नळीकडे जातो. दोन्ही नको. गोणपाट पाणी धरून ठेवतो आणि खाली लोखंड कुजतं. बागेची मऊ पारदर्शक नळी म्हणजे मऊ केलेलं पीव्हीसी, आणि त्यातलं मऊ करणारं तेलकट द्रव्य सीपीव्हीसीत उतरून त्याला बारीक तडे पाडतं. त्याच कारणासाठी सीपीव्हीसीचा गठ्ठा इलेक्ट्रिकच्या वायरीने किंवा इन्सुलेशन टेपने बांधू नका. साईटवर हे सर्रास होतं आणि पुढे पाईप भिंतीत गेल्यावर, दाब चढल्यावर तडा उघडतो. अँगलवर घालायला काळा एचडीपीई (जाड पॉलिथिनचा) पाईप उभा चिरून त्याची खोबण करा. तो उन्हालाही टिकतो आणि सीपीव्हीसीलाही त्रास देत नाही.

माल रचताना सगळ्यात खाली जीआय. एक इंची मध्यम जाडीचा जीआय पाईप मीटरला सुमारे २.४ किलो, म्हणजे ६ मीटरचा चौदा-साडेचौदा किलो. तो वर ठेवला तर स्टँड डोकेजड होतो आणि काढताना हात चेंगरतो. तुमचे चारही पाईप मधोमध कापा. कापलेल्या टोकांना आणि आट्यांना जस्ताचा थर नसतो, कारण आटे गॅल्व्हनाइज झाल्यावर पाडतात. म्हणून गंज पहिला तिथेच धरतो. आट्यांवर ग्रीस आणि त्यावर प्लॅस्टिकची टोपी, कोऱ्या कापावर झिंकचा रंग. प्रत्येक दोन पाईपांच्या मध्ये बोटभर जागा ठेवा. आडव्या हातावर एचडीपीईचे छोटे तुकडे खुंट्यांसारखे बसवले की जागा आपोआप राहते.

ही फट का महत्त्वाची, तर जस्ताला हवा लागते. उघड्या हवेत जस्तावर कार्बोनेटचा घट्ट थर बसतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. दोन पाईप चिकटून ठेवले की मधल्या फटीत पाणी केशाकर्षणाने ओढलं जातं, हवा पोचत नाही, आणि तो घट्ट थर न बनता भुसभुशीत पांढरा थर बनत राहतो. नवाकोरा जीआय याला जास्त बळी पडतो. तुमच्या पाईपांवर नुसती पांढरी भुकटी असेल तर ते वाया गेलेले नाहीत. सुटे करून वाळवा, नायलॉनच्या ब्रशने झाडा. तारेचा ब्रश नको, तो उरलेलं जस्तही ओरबाडतो. काळे डाग किंवा तांबूस गंज दिसला तर तिथलं जस्त संपलेलं आहे. असा पाईप पिण्याच्या पाण्याला लावू नका, रेलिंगला किंवा खांबाला वापरा.

मधल्या मजल्यावर एसडब्ल्यूआर. ६०० मिलिमीटरच्या रुंदीत अँगल सोडून ११० चे चार पाईप बसतात, दोन थर म्हणजे आठ. त्यावर तिसरा थर चढवू नका. सॉकेटची (दुसरा पाईप आत बसतो त्या फुगीर तोंडाची) बाजू एकाआड एक उलटसुलट ठेवा आणि सॉकेट शेवटच्या आधाराच्या बाहेर राहू द्या, म्हणजे पाईप अंगाने टेकतो, सॉकेटवर नाही. सगळे सॉकेट एकीकडे आले की गठ्ठा एका बाजूने उंच होतो, भार सॉकेटच्या कडेवर येतो आणि सॉकेट अंडाकृती होतं. मग रबरी रिंगचा जोड बसवताना एका बाजूने गळतो आणि दोष प्लंबरला लागतो. एसडब्ल्यूआरमध्ये दोन प्रकार येतात. ११० मध्ये ए प्रकाराची भिंत किमान २.२ मिलिमीटर आणि बीची ३.२. ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या नळीला, बी संडास-मोरीच्या पाण्याला. ठेवताना दोन्ही वेगळे ठेवा आणि ए वर ठेवा, कारण पातळ असल्याने खाली तो लवकर चेपतो. ७५ चे पाईप ११० च्या वर.

सीपीव्हीसीचा बारीक पाईप ९०० मिलिमीटरच्या आधारावरही झोळ घेतो. त्याला सलग आधार हवा. सहा इंच रुंद, भोकं असलेला जीआय केबल ट्रे मधल्या हातांवर लांबीने टाका आणि त्यात सगळे सीपीव्हीसी पाईप ठेवा. भोकांतून पाणी जातं, पाईप सरळ राहतो. ट्रेचे काठ घासू नयेत म्हणून टोकांना एचडीपीईची खोबण. सीपीव्हीसी टोकावर पडलं तर डोळ्याला न दिसणारी केसासारखी चीर जाते. वापरताना टोकाला ओली शाई किंवा स्केचपेन फिरवून पुसून पाहा, रेघ दिसली तर चिरेच्या शेवटापासून आणखी दोन इंच सोडून कापा.

पन्हळी सर्वांत वर, आणि पालथ्या. उताण्या ठेवलेल्या पन्हळीत पाणी, पाला आणि माती साचते, त्याच्या वजनाने काठ उघडतात आणि मग शेडला बसवताना ब्रॅकेटमध्ये बसत नाहीत. पालथी ठेवली की हे सगळं टळतं. पीव्हीसीच्या पन्हळी एकात एक घातल्या तरी चालतात, पण आठ-दहाच्या वर नको, आणि खालची पन्हळ काठांवर टेकते म्हणून तिच्या आत बसेल असा लाकडी किंवा पाईपचा गोल तुकडा प्रत्येक आधारावर द्या.

पत्र्याच्या पन्हळी एकात एक कधीच घालू नका. जीआय पत्रा साधारण ८ फुटी येतो म्हणून तुकडेही तेवढेच असतात, चारपैकी तीन चौकटींवर नीट बसतात. दीड फुटी पत्र्याची २४ गेजची पन्हळ ८ फुटाला पाच किलोच्या आसपास, वजन काहीच नाही. पण दोन पन्हळी एकमेकींत बसल्या की सगळ्या अंगभर फट तयार होते आणि पहिल्याच पावसात ती पाण्याने भरते. प्रत्येक दोन पन्हळींच्या मध्ये तीन ठिकाणी पीव्हीसीच्या पट्ट्या ठेवा, एक सूत जाडी पुरे, आणि लाकडी फळ्या टाळा, त्या ओल धरतात. रंगीत पत्र्याची पन्हळ असेल तर वरची पारदर्शक फिल्म ठेवण्याआधीच काढा. संरक्षण म्हणून लोक ती राहू देतात, पण उन्हात ती भाजून रंगाला चिकटते आणि पुढे सोलताना रंग घेऊन येते. भोकं पाडलेली असतील तर लोखंडाचा कीस झाडून टाका. तो एका रात्रीत गंजतो आणि रंगावर तांबूस ठिपके कायमचे राहतात. अॅल्युमिनियमची पन्हळ असेल तर ती जीआयपासून वेगळी, सिमेंटच्या गोण्यांपासून लांब. ओल्या सिमेंटचा शिंतोडा अॅल्युमिनियम खातो.

पन्हळ वाऱ्यात उडणारी वस्तू आहे आणि तिची धार कापते. दोन ठिकाणी रुंद पॉलिस्टरच्या रॅचेट पट्ट्याने आवळा, फार ताणू नका, काठ आत येतील. निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी उन्हात वर्षभरात भुकटी होते. बाइंडिंग वायर पीव्हीसीत घुसते. जीआयला मात्र साखळी आणि कुलूप लावा, भंगारात त्याला भाव मिळतो.

छप्पर पन्हळींपासून किमान फूटभर वर, दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर, आणि बाजू उघड्या. इथला पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, त्यामुळे त्या बाजूला शेडनेट लावायला हरकत नाही, आणि शक्य असेल तर स्टँडच इमारतीच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला घ्या. शेडनेट ७५ टक्के किंवा त्याहून दाट हिरवी-काळी. पारदर्शक प्लॅस्टिक नको, ते उष्णता कोंडतं आणि ऊनही आत सोडतं. छप्पर करायचंच नसेल तर एसडब्ल्यूआर पाईपांना पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या इमल्शन रंगाचे दोन हात दिले तरी उन्हाचा मारा बराच अडतो. ऑइल पेंट नको, त्यातलं थिनर पाईपला बाधतं. पाईपवरची छापील ओळ, म्हणजे माप, प्रकार, आयएस क्रमांक, तेवढी पट्टी रंगवू नका.

तोंडं बंद कशाने करायची, हा डासांच्या दृष्टीने मुख्य मुद्दा. वरच्या टोकाला टोपी आणि खालच्या टोकाला जाळी. दोन्हीकडे घट्ट टोप्या लावल्या तर आत ओल कोंडते, आणि पुरात तरंगण्याचं वर सांगितलंच. मच्छरदाणीची बारीक जाळी पॉलिस्टरच्या पट्टीने आवळून बांधा, उंदरांचा वावर असेल तिथे स्टीलची जाळी. जाळीमुळे कुंभारीण माशीही आत मातीचं घर करत नाही. बारीक पाईपात ते घर राहिलं आणि तसाच पाईप जोडला गेला तर नळाला पाणी का येत नाही हे शोधायला भिंत फोडावी लागते. डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण वाढायला सात ते दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्याच्या कोरड्या दिवशी कुंड्या आणि ड्रम तपासता तेव्हा वॉचमनला स्टँडचं खालचं टोकही पाहायला सांगा. पाणी ठिबकत राहिलेलं दिसलं तर कुठेतरी पाया खचून उतार बिघडला आहे.

फिटिंग, रबरी रिंगा, पन्हळीचे क्लिप आणि सॉल्व्हंट सिमेंट या स्टँडवर येत नाहीत. ते आत, झाकणाच्या क्रेटमध्ये. रिंगा खिळ्याला टांगू नका, लांबट होतात. सपाट ठेवा. सिमेंटचे डबे सीपीव्हीसीचे आणि यूपीव्हीसीचे (साध्या कडक पीव्हीसीचे) वेगळे, आणि डबा हलवल्यावर आत जेलीसारखं घट्ट लागलं तर थिनर घालून पातळ न करता टाकून द्या.

तुमचे आत्ता वाकलेले पाईप फेकू नका. सपाट फरशीवर बाक वर करून पसरा, बाकावर विटांचं हलकं वजन ठेवा आणि आठवडाभर सावलीत सोडा. हलका बाक निघतो. ब्लोलॅम्पने तापवून सरळ करायला कोणी निघालं तर थांबवा, तिथे भिंत पातळ होते. उन्हाने कितपत खाल्लं आहे हे पाहायला पाईपवर काळं कापड घासा. कापडाला खडूसारखं पांढरं लागलं तर टोकाचा दोन इंचांचा वेढा कापून बुटाच्या टाचेखाली हळूहळू चेपा. चांगला पाईप चपटा होतो, उन्हाने मेलेला तडकतो. तडकलेला पाईप उभ्या ड्रेनेजला लावू नका. बागेतल्या पाण्याला किंवा स्टँडवरच्या पट्ट्या कापायला तो चालेल.

आणि किती ठेवायचं? चार मजल्यांच्या इमारतीला ११० चे चार, ७५ चे दोन, सीपीव्हीसी प्रत्येक मापाचे दोन-तीन आणि पन्हळीचे दोन तुकडे पुरतात. ड्रेनेज रात्री फुटलं तर सकाळी दुकान उघडेपर्यंत निभावेल इतकंच हे हवं, बाकी माल दुकानदार परत घेत असेल तर पावतीसह परत करा. जो ठेवाल त्याच्या खालच्या टोकाला, जाळीच्या वर, कायमच्या मार्करने खरेदीचा महिना आणि वर्ष लिहा, आणि नवा आणलेला नेहमी मागे सरकवा, म्हणजे प्लंबरच्या हाताला जुना आधी लागेल. पट्टे, जाळ्या आणि पायाचे बोल्ट मेच्या पहिल्या पंधरवड्यात तपासा आणि ऑक्टोबरात एकदा सगळे पाईप अर्धा फेरा फिरवून ठेवा, म्हणजे ऊन आणि झोळ रोज एकाच अंगाला बसत नाही.